मासळीला कोण फवारणी करतं?

कीटकनाशकांचा विषय निघाला की गावाकडून हमखास येणारा प्रश्न: "मासळीला कोण फवारणी करतं?" 2018 मध्ये गोव्यात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून फॉर्मेलिन नाही म्हणजे मासा शुद्ध, शंका आलीच तर हळद-मीठ लावून दोनदा धुवा, इथेच चर्चा थांबते. याची मला चीड येते.

इथे अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या धक्क्यांवर, कुठला मासा खाऊ नये हे गळ टाकणाऱ्यांना सांगणाऱ्या पाट्या आहेत. जवळच्या टॉरन्स शहरातल्या मॉन्ट्रोज कारखान्यात 1947 पासून 1982 पर्यंत डीडीटी हे कीटकनाशक बनलं. त्याचं सांडपाणी 1971 पर्यंत गटारांतून पालोस व्हर्डीसच्या समुद्रात गेलं. अमेरिकेत त्याच्या वापरावर बंदी 1972 मध्ये आली, पण गाळात डीडीटी आणि त्यापासून बनलेलं डीडीई आजही आहे. त्या गाळातले किडे खातो व्हाइट क्रोकर, आपल्या ढोम्याच्याच कुळातला. सांता मोनिकापासून सील बीचपर्यंत तो अजिबात खाऊ नका, असा स्पष्ट सल्ला आहे. फवारणी कुणीच केली नव्हती.

डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत साठतं. म्हणून धुऊन काही साधत नाही. कातडी, पोटाकडची चरबी, काळीज आणि गाबोळी काढली, मासा जाळीवर भाजून तेल गळू दिलं, तर बरंच कमी होतं. कालवणात मात्र तीच चरबी रश्शात उतरते आणि आपण ती भातावर ओततो. माशात पारा असेल, तर त्याला हा उपाय चालत नाही, तो मांसातच असतो. डीडीटी माणसाला बहुधा कर्करोगकारक, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये ठरवलं. आईच्या दुधातूनही ते बाळाकडे जातं.

भारतात शेतीसाठी डीडीटी 1989 मध्ये बंद झालं, डासांसाठी चालू राहिलं. रायगडमधल्या रसायनीला, पाताळगंगा नदीच्या खोऱ्यात, सरकारी कंपनीने ते बनवलं. ती नदी धरमतरच्या खाडीला मिळते. खाडी दूषितच आहे असं मी म्हणत नाही. गाळ तपासा, मासा जातवार तपासा आणि निकाल मराठीत बाजारात लावा, एवढंच मागतो.

"तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," हे ऐकावं लागतं. लागतं ते मनाला, कारण रोज ती मासळी खाणारी माणसं माझीच आहेत. मासे सोडा असं मी कधीच सांगणार नाही. पण घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर एकाच खाडीतला एकच मासा आठवडाभर आणू नका. जात बदला, बंदर बदला, आणि तेलकट माशाचं पोट नि काळीज टाकून द्या.