झुनी दागिना आणि तापलेली सुई

झुनी ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची मूळनिवासी जमात. रंगीत दगड-शिंपले जडवलेल्या तिच्या दागिन्यांबद्दल सध्या एक मजकूर फिरतोय: ‘जुन्या झुनी दागिन्यातलं लाल ते पोवळं, काळं ते ओनिक्स. निळ्यावर जाळी दिसली की फिरोजा अस्सल. शंका आली तर तापलेली सुई टोचा. प्लास्टिकचा वास आला की दागिना नकली.’ फिनिक्सच्या माझ्या भाचीने हे मनावर घेतलं. सूर्याचा चेहरा असलेल्या तिच्या झुनी ब्रोचच्या कपाळावर, निळ्या तुकड्यात, आता भोक आहे. वासही आला म्हणे.

येणारच. मऊ, सच्छिद्र फिरोजा टिकावा म्हणून त्यात कृत्रिम राळ मुरवतात. दगड खाणीतलाच, पण सुई लागली की राळ जळते.

जाळीचा पुरावा तर उलटाच. हाउलाइट हा पांढरा दगड अंगच्याच करड्या-काळ्या रेषा घेऊन येतो. निळ्या रंगात बुडवला की जाळीसकट ‘फिरोजा’ तयार. रंग भेगांमध्ये जास्त गडद साचलेला दिसला की समजावं. अ‍ॅरिझोनातल्या स्लीपिंग ब्यूटी खाणीचा अस्सल फिरोजा मात्र बहुधा बिनजाळीचा, नितळ आकाशी.

लाल रंगात खरी गंमत आहे. पोवळं आलं भूमध्य समुद्रातून, व्यापाऱ्यांच्या हातून. त्याच्या कितीतरी आधीपासून न्यू मेक्सिकोच्या पुएब्लो (झुनींसारख्या मूळनिवासी जमातींच्या) गावांत कॅलिफोर्नियाच्या आखातातला काटेरी शिंपला पोहोचत होता. तो नारिंगीपासून जांभळट लालपर्यंत असतो, आणि एकाच तुकड्यात फिके-गडद पट्टे दिसतात. पोवळ्याचा रंग त्यामानाने एकसारखा. दहापट भिंगाखाली बारीक समांतर रेषा. मंगळाची अंगठी घेताना चांगला सराफ याच रेषा दाखवतो. आम्लाचा थेंब टाकू नका: पोवळं आणि शिंपला दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, दोन्ही फेसाळतात, आणि शेजारच्या मोतिया शिंपल्याची चमकही जाते.

काळं ओनिक्स असू शकतं, पण झुनींचं जुनं काळं म्हणजे जेट, कोळशाच्या जातीचं जीवाश्म लाकूड. हाविकू या त्यांच्या जुन्या गावी १९१७ ते १९२३ दरम्यान खोदकाम झालं, त्यात फिरोजा आणि जेट जडवलेल्या फण्या निघाल्या. ओनिक्स ओठाला गार लागतो आणि काचेसारखा चकाकतो; जेट कोमट, चकाकी मऊ.

राहिलं प्लास्टिक. १९३० च्या दशकातल्या मंदीत केवा (दुसरं नाव सान्तो दोमिंगो) या पुएब्लो गावच्या कारागिरांनी गाडीच्या बॅटरीची आवरणं, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि लाल प्लास्टिक वापरून हार केले. संग्राहक ते आज मुद्दाम शोधतात. त्यांना नकली म्हणायची माझी तरी हिंमत नाही. झुनी ब्रोचमध्ये एकच तुकडा प्लास्टिकचा निघाला, तर आधी दुरुस्तीची शंका घ्यावी. भिंग तिरपं धरून कडा पाहाव्यात: फट, डिंकाचा ओघळ, शेजारच्या तुकड्यांना न जुळणारी झीज.

भाचीचा ब्रोच तसाच पाहिला. भोक सोडलं तर एकही तुकडा बदललेला नाही.