स्लो व्हीलीला वेग लागत नाही, उजवा पाय लागतो

डर्ट बाइक चालवणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, शेवटी माझ्या भाच्यानेही. त्यात म्हटलंय की व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं, आधी वेगात शिकावी, कारण वेगात गाडी आपोआप तोल धरते. हळू व्हीली हा उस्तादांचा खेळ. इंजिन मोठं हवं. एक्सलेटर पिळायचा, क्लच झटक्यात सोडायचा आणि हँडल ओढायचं. आणि चाक हवेत असताना मागच्या ब्रेकला पाय लावायचा नाही, लावलात तर तोंडावर आपटाल.

ब्रेकचं हे वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसलो. बाकीच्या चुकांनी शिकायला उशीर होईल, या एका वाक्याने मणका मोडेल. म्हणून सुरुवात तिथूनच.

रेस दिली की मागचा टायर जमिनीला मागे रेटतो आणि त्याच जोरावर पुढचं चाक वर जातं. मागचा ब्रेक दाबला की हा जोर उलट्या दिशेने लागतो आणि चाक खाली येतं. आता, तोलाच्या जागेच्या, म्हणजे जिथे गाडी ना पुढे पडते ना मागे त्या कोनाच्या, अलीकडे असाल तर नुसती रेस सोडूनही चाक खाली येईल. पण गाडी एकदा त्या जागेच्या पलीकडे झुकली की तिचं आणि तुमचं वजनच तिला मागे खेचायला लागतं. तेव्हा घाबरून क्लच ओढलात तर इंजिन सुटतं, गाडी उलटायची थांबत नाही. तिथे उपयोगी पडतो तो उजव्या पायाखालचा ब्रेक.

हे मी वाचून सांगत नाही. मला शिकवणारं कुणी नव्हतं, ब्रेकवर पाय ठेवायचा हे ठाऊक नव्हतं. मुरमाच्या माळावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली, ती माझ्या अंदाजापेक्षा जास्त आली आणि पाठीमागे उलटली. टेल लाइट, नंबर प्लेट गेली, डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. त्या क्षणी माझा उजवा पाय फूटरेस्टवर टाचेने टेकलेला होता आणि चवडा बाहेर. पेडल चार बोटांवर होतं.

मेसेजमधल्या ब्रेकच्या वाक्यात खरं एवढंच आहे की ब्रेकवर पाय आदळला तर चाक धाडकन खाली येतं, शॉकअप पूर्ण दबतात आणि छाती टाकीवर येते. म्हणून ब्रेक आदळायचा नसतो, टिचकी मारावी तसा हलका दाबायचा, आणि चाक टेकता टेकता किंचित रेस द्यायची. दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल आणि मागचं बंद करता येत असेल तर सरावापुरतं बंद करा. पुढचं चाक हवेत मंदावलं की यंत्रणेचा हिशेब चुकू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: पेडलची उंची. सीटवर मागे सरकून, हात सरळ करून बसलं की घोट्याचा कोन बदलतो. भाच्याच्या गाडीचं पेडल इतकं खाली होतं की तसं बसल्यावर त्याचा बूट त्याच्यावर पोचेचना, दर वेळी तो खाली बघायचा. पान्याने नट ढिला करून पेडल थोडं वर घेतलं, ब्रेक धरून तर राहत नाही ना ते चाक फिरवून पाहिलं. त्यानंतर त्याची मान वर आली.

वेगाचा मुद्दा अर्धा खरा आहे. फिरतं चाक आपल्या आसाची दिशा सहज बदलू देत नाही, म्हणून वेगात गाडी डावी-उजवीकडे कमी डगमगते. पण मागे उलटताना आसाची दिशा बदलतच नाही, गाडी त्याच आसाभोवती फिरते. म्हणजे ज्या पडण्याची भीती आहे, त्यात वेग तुम्हाला काडीची मदत करत नाही. उलट ताशी १० किलोमीटरऐवजी ४० ला पडलात तर जिरवायची ऊर्जा १६ पट. हळू असताना डगमग गुडघ्यांनी आणि फूटरेस्टवरच्या दाबाने सावरावी लागते, ती सरावाने येते. आणि पाय खाली टाकून मागच्या मागे उतरायची सोय चालण्याच्या वेगातच असते.

इंजिनचं तर बोलायलाच नको. गावातली पोरं बिनइंजिनाच्या सायकलवर अख्खी गल्ली एका चाकावर पार करतात. ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून गाडी न्यायच्या स्पर्धेत, टोनी बोऊ २००७ पासून २०२४ पर्यंत सलग विश्वविजेता राहिला, तोही जेमतेम ७०-७५ किलोच्या गाडीवर आणि बहुतेक वेळ चालण्याच्या गतीने. आपल्याकडची हीरोची एक्सपल्स २०० ही गाडी १९९.६ सीसीची, दीडशे किलोच्या वरची. पहिल्या गिअरमध्ये ती व्यवस्थित उठते. तोल सापडल्यावर लागते ती जराशी रेस.

हँडल ओढू नका, दोन्ही हात सारख्या जोराने ओढत नाहीत आणि गाडी वाकडी उठते. वजन पुढे टाकून शॉकअप दाबा, ते वर उसळताना मागे झुका आणि त्याच वेळी क्लच सोडा, झटक्यात नव्हे, दोन बोटांनी. सारखा अर्धा क्लच धरून बसलात तर प्लेटा जळल्याचा वास येईल. आला की थांबा, गाडी थंड होऊ द्या.

जागा मात्र मोकळी, जरा चढाची, गवताची आणि खासगी हवी, मालकाला विचारून घेतलेली. हेल्मेट, बूट, पाठीचं कवच घालूनच. रस्त्यावर हे करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात येतं, आणि समोरून येणाऱ्याने तुमच्या सरावासाठी होकार दिलेला नसतो.

भाच्याला पहिले तीन रविवार मी एकच काम दिलं होतं: चाक वीतभर उचल आणि ब्रेकने खाली आण. किती लांब गेलास ते मोजायचं नाही. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी गाडी एकदा खूपच उभी राहिली, मी जागेवरून उठलो. त्याचा उजवा चवडा हलला, चाक खाली आलं. "मामा, मी दाबला का?" त्याने विचारलं. पाय त्याच्या आधी शिकला होता.