खुलासा: कार्डिंग्टनच्या आगीत नेमके काय टिकले?

‘इंग्लंडात कार्डिंग्टनला आठ मजली पोलादी इमारत पेटवली, तरी पडली नाही, म्हणजे अग्निरोधक लेपाचा खर्च वायफळ’ असा संदेश फिरतो आहे. हे अर्धसत्य आहे. 1995-96 च्या त्या चाचण्यांत लेपाविना तुळया 900 अंश सेल्सिअसपलीकडे तापून लोंबल्या. भार पेलला तो 130 मिमी जाडीच्या संयुक्त (पोलादी पत्रा आणि काँक्रीट एकत्र काम करणाऱ्या) स्लॅबने, आतल्या 6 मिमी तारांच्या जाळीच्या ताणावर. खांबांना मात्र संरक्षण होते. एका चाचणीत खांबांचा माथ्याकडचा भाग उघडा ठेवला, तर तो सुमारे 180 मिमी दबला! त्यामुळे लेप न लावण्याची सवलत मिळते ती आतल्या काही दुय्यम (थेट खांबांना न जोडलेल्या) तुळयांनाच, तीही रीतसर हिशेब करून. खांबांवर आणि खांबांना जोडणाऱ्या तुळयांवर लेप हवाच. शिवाय जाळीचे तुकडे एकमेकांवर न चढवता नुसते टोकाला टोक भिडवले, तर स्लॅब नेमका त्याच रेषेत फाटतो.