रेडिओवर पहिलं, म्हणून देशाचं लाडकं?

‘अमेरिकेत रेडिओवर जे गाणं पहिलं, तेच देशाचं सगळ्यात आवडतं. लोकांनी निवडलं म्हणून ते वर गेलं, हॉट १०० मध्येही तेच पुढे असतं, आणि मोजणी यंत्राची, त्यामुळे घोळाला जागाच नाही.’ हा मजकूर सध्या फार फिरतोय. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाच्या गाण्यांच्या याद्या मी अनेक वर्षं मन लावून वाचते; ‘हॉट १००’ ही त्यातली मुख्य यादी, नुसत्या रेडिओवर न चालता विक्रीही धरणारी. त्या मजकुरातलं एकही वाक्य मला पटत नाही.

‘लोकांनी निवडलं.’ कुठलं गाणं लावायचं हे स्टेशनवाले ठरवतात. शिवाय बिलबोर्डची ‘रेडिओ साँग्ज’ यादी नुसती किती वेळा वाजलं ते बघत नाही, तेव्हा किती जण ऐकत होते याचा अंदाजही धरते. मोठ्या शहरात सकाळी एकदा वाजलेलं गाणं लहान गावातल्या मध्यरात्रीच्या कितीतरी वेळांना भारी पडतं. नावडतं गाणं लागलं की लोक स्टेशन बदलतात, तेवढा त्यांचा हात मात्र आहे.

‘हॉट १०० मध्येही तेच पुढे.’ हे तर साफ चूक. नो डाउट या बँडचं ‘डोंट स्पीक’ रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं आणि हॉट १०० मध्ये एकदाही आलं नाही! लोकांनी नाकारलं म्हणून नव्हे. दुकानात सिंगल, म्हणजे त्या एकट्या गाण्याची सीडी किंवा कॅसेट, विकायला नसेल तर त्या यादीत गाणं घ्यायचंच नाही, असा तेव्हा नियम होता. एका गाण्यासाठी लोकांनी अख्खा अल्बम घ्यावा म्हणून कंपन्या मुद्दाम सिंगल काढत नसत. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला. गू गू डॉल्स या बँडचं ‘आयरिस’ तोवर रेडिओवर १८ आठवडे पहिलं राहून उतरणीला लागलं होतं. हॉट १०० मध्ये ते ९ व्या क्रमांकाच्या वर गेलंच नाही. त्या दशकातली मोठी गाणी नुसत्या हॉट १०० वरून शोधणाऱ्याच्या हाती ही दोन्ही लागत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘यंत्र मोजतं, मग घोळ कसला?’ पूर्वी स्टेशनं आपापल्या याद्या कळवायची, त्यात खोटं खपायचं. स्टेशनवर काय वाजतंय ते थेट टिपणाऱ्या यंत्रानं ते थांबवलं. पण गाणं का वाजलं, हे यंत्राला कळत नाही. श्रोत्यांना न सांगता पैसे घेऊन गाणं वाजवणं तिथे १९६० पासून गुन्हा आहे. तरीही २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे अॅटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) इलियट स्पिट्झर यांनी अशाच व्यवहारांची चौकशी केली आणि सोनी बीएमजी या संगीत कंपनीला १ कोटी डॉलर भरावे लागले. तशी वाजवलेली गाणीही यंत्रानं बिनचूकच मोजली असती.