ग्वायाबोचं श्रेय लाटू नका

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशाच्या कार्तागो या छोट्या प्रांताबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवला, म्हणून आता बोलणं भाग आहे. मेसेज म्हणतो: ग्वायाबो, म्हणजे तिथले प्राचीन वस्तीचे अवशेष, हे माया लोकांचं हरवलेलं शहर; तिथले पाण्याचे पाट स्थानिकांना जमणं शक्यच नव्हतं, ते भारतातून गेलेल्या स्थपतींनी बांधले; इराझू ज्वालामुखीवरून रोज दोन महासागर दिसतात; आणि कार्तागोचं मोठं चर्च शापामुळे अर्धवट राहिलं.

आधी माया, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडची प्राचीन संस्कृती. त्यांचा प्रदेश होंडुरासच्या पश्चिम भागात, कोपान या त्यांच्या नगराच्या आसपास संपतो. तिथून ग्वायाबो सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर. माया नगरं म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे, चुन्याचा गिलावा, कोरीव लिपी. ग्वायाबोत यातलं काहीच नाही. तिथे आहेत गोल जोती: गोटे चुन्याशिवाय रचून कड उभी केलेली, आत भराव, आणि त्यावर लाकूड-पानांची शंकूसारखी घरं. घरं कुजून गेली, जोती उरली. एका शिळेवर जग्वार आणि मगर कोरलेले आहेत. लेख एकही नाही.

पाण्याचा मुद्दा वाचून मात्र संताप येतो. ही जागा तुरिआल्बा ज्वालामुखीच्या उतारावर, पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात. एवढं पाणी मोकाट सोडलं तर जोत्यांचा भरावच वाहून जाईल. म्हणून ते दगडी पाटांत घेतलं. काही पाट उघडे, काहींवर सपाट दगडांची झाकणं, शेवटी दगडी हौद. हौदात वेग मोडतो, गाळ तळाशी बसतो, वर निवळ पाणी मिळतं. यात गूढ काय आहे? ते पाट आजही वाहतात. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने २००९ मध्ये याच कामाला स्थापत्य अभियांत्रिकीचा आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून मान दिला, आणि तो कोलंबस येण्याआधीच्या स्थानिक कारागिरीला दिला. वस्ती साधारण इ.स.पू. १००० ते इ.स. १४०० ची. भारताशी संबंध जोडणारी एकही वस्तू तिथे सापडलेली नाही. चिब्चा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषाकुळातले काबेकार लोक आजही याच तुरिआल्बा भागात राहतात. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मुलखाचं कर्तृत्व उचलून आपल्या पदरात टाकायचं, यात कसला आलाय अभिमान?

दोन महासागरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, एवढं मान्य करावं लागेल. ३,४३२ मीटर उंचीवरून निरभ्र सकाळी दोन्हीकडचा समुद्र दिसू शकतो. पण रोज नाही. सकाळ सरता सरता ढग चढतात आणि समोर नुसतं पांढरं उरतं. जायचंच असेल तर डिसेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, उद्यान उघडल्या उघडल्या पोचा. मेसेजच्या फोटोतलं, ज्वालामुखीच्या विवरातलं हिरवं तळंही हमखास दिसेल असं धरून चालू नका. २०१३ मध्ये ते आटलं होतं.

आणि चर्च? १८७० मध्ये काम सुरू झालं. ४ मे १९१० च्या संध्याकाळी भूकंपाने कार्तागो शहर जमीनदोस्त केलं, त्यानंतर ते काम कायमचं सोडून दिलं. शापामागची, भावाचा खून करणाऱ्या पाद्र्याची गोष्ट तिथे दंतकथा म्हणूनच सांगतात.