निकाल ठरलेला असतो, पण मान खरीच मोडते

परवा ताईकडे गेलो होतो. बोलत बसलो होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून धप्‌ असा आवाज आला आणि मागोमाग खिदळणं. दार ढकललं तर मोठा भाचा पलंगावर उभा. धाकट्याला त्यानं उलटा धरलेला, डोकं याच्या मांड्यांत, पाय छताकडे. पाइलड्रायव्हर, टीव्हीवरच्या रेसलिंगमधला डाव! एक मारून झाला होता, दुसऱ्याची तयारी चालली होती. मी धाकट्याला ओढून घेतलं आणि ओरडलो, तर मोठा मलाच समजावायला लागला, "मामा, काही होत नाही. आईनं मेसेज दाखवलाय. खाली गादी असली की लागतच नाही."

मग मी तो मेसेज मागून घेतला. डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे टीव्हीवर दिसणारी अमेरिकन रेसलिंग कंपनी. मथळा 'डब्ल्यूडब्ल्यूईचं काळं सत्य', खाली सहा मुद्दे. सगळे सामने आधी ठरलेले असतात आणि कंपनी हे जगापासून लपवते. रिंगखाली स्प्रिंग आणि जाड फोम असल्यामुळे कुणालाच लागत नाही, मुलंही घरच्या गादीवर हे डाव आरामात करू शकतात. दुखापती म्हणजे नाटक, सेथ रोलिन्स या पैलवानाचा गुडघा हा त्याचा पुरावा. रक्त म्हणजे रंग. 'अंडरटेकर' नावानं खेळणारा खरा पैलवान कधीच मेलाय. आणि शेवटी, जॉन सीना या नामवंत पैलवानाला कंपनीनं निरोपाच्या सामन्यात मुद्दाम अपमान करून हाकललं.

ताईनं तो चांगल्या मनानं दाखवला होता. खोटं आहे हे कळलं की पोरांचा नाद सुटेल, असं तिला वाटलं. पोरांनी त्यातून एवढंच घेतलं की लागत नाही. मी पंचवीस वर्षं रेसलिंग बघतोय, 'खोटं असतं रे ते' हे ऐकून कान किटलेत आणि एरवी मी सोडूनही देतो. हे मात्र सोडणार नाही.

म्हणून सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून. रिंग कशाची असते? लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. फळ्या थोड्या लवतात, काही रिंगांमध्ये मधोमध स्प्रिंगही असते, एवढं त्या मेसेजचं खरं. खाली पोकळी असते म्हणून पडल्याचा आवाज घुमतो आणि प्रत्यक्षाहून मोठा वाटतो, हेही मान्य. पण म्हणून ती गादी होत नाही. दोरसुद्धा मऊ नसतात. काही कंपन्यांच्या रिंगमध्ये तर रबरी नळीतून ओवलेली पोलादी केबल असते, नव्यानं शिकणाऱ्यांच्या बरगड्या त्यावर धावून धावून काळ्यानिळ्या होतात.

पडायचं कसं, हेच शिकण्यात महिने जातात. त्याला बंप घेणं म्हणतात. हनुवटी छातीला घट्ट लावायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग एकदम टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात बाजूला आपटायचे, म्हणजे मार पसरतो. पसरतो म्हणतोय मी, नाहीसा होतो असं नाही. आणि उचलणाऱ्यानं समोरच्याला पुरता फिरवला नाही, तर पाठीऐवजी डोकं टेकतं.

११ मार्च २०२२ ला हेच झालं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा स्मॅकडाउन, कंपनीचा दर आठवड्याचा शो. रिज हॉलंडनं बिग ईला रिंगच्या बाहेर मिठीत धरून डोक्यावरून मागे फेकलं. बेली-टू-बेली सुप्लेक्स, रोज दिसणारा डाव. बिग ई पूर्ण फिरला नाही. बाहेरच्या पातळ मॅटवर त्याच्या डोक्याचा वरचा भाग आदळला आणि मान खाली दबली. मानेचा पहिला आणि सहावा मणका मोडला. स्ट्रेचरवरून नेताना त्यानं अंगठा वर करून दाखवला. मज्जारज्जूला इजा झाली नाही म्हणून तो आज चालतोय. दोघंही शिकलेले, दोघंही धिप्पाड, आणि बिग ई तर काही महिन्यांपूर्वीपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन होता.

आता भाच्यानं निवडलेला डाव बघा. ३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम, कंपनीचा मोठा वार्षिक शो. ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरला आणि गुडघ्यांवर न येता सरळ खाली बसला. ऑस्टिनचं डोकं त्याच्या मांड्यांच्या खाली लोंबत होतं, ते आधी आदळलं. ऑस्टिनला काही काळ हातपाय हलवता येईनात. ओवेन प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला. शेवटी ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, ओवेनला मागून लोळवलं आणि ठरलेला निकाल पूर्ण केला. तो क्षण पुन्हा बघा. जिंकणाऱ्याच्या अंगात पकड ठेवायचंही त्राण नाही. एवढा लोकप्रिय माणूस, पण नियमित कारकीर्द ३८ व्या वर्षी, २००३ मध्ये संपली. ओवेन काही नवशिका नव्हता, हार्ट घराण्यातला, कुस्तीतच वाढलेला. त्याच्या हातून ही चूक होते, तर शाळकरी पोराच्या हातून काय होईल? कंपनीनं पुढे हा डाव जवळपास बंदच केला, अंडरटेकर आणि केनसारख्या मोजक्यांनाच त्याची मुभा राहिली.

जपानचा मित्सुहारू मिसावा हा तर त्या पिढीतला सर्वोत्तम मानला गेलेला. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका बॅक सुप्लेक्सनंतर, म्हणजे मागून धरून पाठीवर आपटल्यानंतर, तो उठलाच नाही. ४६ वर्षांचा होता. असा सुप्लेक्स त्यानं आयुष्यात किती वेळा घेतला असेल, मोजदाद नाही.

हे वाचूनही कुणी 'मुलं आरामात करू शकतात' हे वाक्य पुढे पाठवणार असेल, तर त्या घरात पोर जायबंदी झाल्यावर त्याचा वाटा पाठवणाऱ्याकडेही जातो. 'घरी करून बघू नका' ही सूचना कंपनी स्वतः वर्षानुवर्षं दाखवतेय, ती उगाच नाही.

आता रोलिन्सचा गुडघा. हा मुद्दा मला टोचतो, कारण यात अर्धं सत्य आहे. १२ जुलै २०२५ ला अटलांटात एलए नाइटविरुद्ध खेळताना रोलिन्सनं गुडघा धरला, सामना तिथंच आटपला, आणि मीही हळहळलो. तीन आठवडे लोक तो कधी परतेल याच्या चर्चा करत होते. २ ऑगस्टला समरस्लॅममध्ये सीएम पंकनं गुंथरला हरवून जागतिक किताब जिंकला, तेवढ्यात रोलिन्स कुबड्या घेऊन आला, कुबड्या फेकल्या, मनी इन द बँकची संधी, म्हणजे केव्हाही किताबासाठी लढायचा आधी जिंकलेला हक्क, वापरली आणि पंकचा पट्टा काढून घेतला. सगळं नाटक होतं. कथा म्हणून उत्तम, पण कंपनीनं हे करायला नको होतं असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. खऱ्या दुखापतीवरचा लोकांचा विश्वास यानं उडतो, आणि मग असे मेसेज फिरतात.

पण पुढचं मेसेजवाल्यानं लिहिलं नाही. ११ ऑक्टोबरला पर्थमधल्या क्राउन ज्वेल या शोमध्ये कोडी रोड्सविरुद्ध खेळताना त्याच रोलिन्सचा खांदा खरोखर दुखावला. सामना त्यानं जिंकला, पण किताब सोडावा लागला, शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी, त्याच माणसाची एक दुखापत खोटी आणि एक खरी.

कोडीचीही गोष्ट सांगतो, कारण तिथंही समोर रोलिन्सच होता. ५ जून २०२२, हेल इन अ सेल हा पिंजऱ्यातल्या सामन्याचा शो. कोडीच्या छातीचा स्नायू आधीच फाटला होता. त्यानं जॅकेट उतरवलं आणि प्रेक्षकांतून एकदम सुस्कारा आला. उजव्या छातीपासून दंडापर्यंत कातडी जांभळी, मध्येच काळपट, कडेला पिवळसर. त्या अंगानं तो वीस मिनिटांहून जास्त खेळला. मेकअप असेल असं म्हणणारे तेव्हाही होते. नंतर शस्त्रक्रिया झाली आणि तो थेट २०२३ च्या रॉयल रम्बल या शोला परतला.

सामने ठरलेले असतात हा पहिला मुद्दा खरा आहे. पण कंपनी ते लपवते? न्यूयॉर्क टाइम्सचा १० फेब्रुवारी १९८९ चा अंक काढून बघा. न्यू जर्सीच्या सिनेटपुढे तेव्हाचा मालक व्हिन्स मॅकमहन याच्या कंपनीनं स्वतःच सांगितलं की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, खरीखुरी स्पर्धा नाही. कारण व्यवहाराचं होतं. स्पर्धा ठरली की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख, परवाने आणि कर मागे लागत, मनोरंजन ठरलं की त्यातून सुटका. म्हणजे ज्याला 'काळं सत्य' म्हणून २०२५ मध्ये पसरवताय, ते मालकांनीच ३६ वर्षांपूर्वी सरकारदरबारी नोंदवून ठेवलंय. आम्ही चाहते काय फसवले गेलोय असं वाटतं का तुम्हाला? नाटकाचा शेवट लेखकानं आधीच लिहिलेला असतो, म्हणून कुणी नाटक बघायचं सोडतं का? आम्ही बघतो ते कोण कुणाला कसं उचलतो, कसं सांभाळून टाकतो, गर्दीला कसं खेळवतो ते.

रक्ताचं थोडक्यात सांगतो. रंगाचे प्रकार कुठं कुठं झालेही असतील, पण जुनी रीत ब्लेडची. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवायचा आणि संधी मिळताच कपाळावर चीर द्यायची. अब्दुल्ला द बुचरच्या कपाळावरच्या खोल खाचा बघा, रंगानं अशा खाचा पडत नाहीत. आणि ज्याला चापटही खोटी वाटते त्यानं सप्टेंबर २०२२ चा कार्डिफचा गुंथर विरुद्ध शेमस हा सामना बघावा. उघड्या पंज्यानं छातीवर एकेक चॉप, आणि अर्ध्या सामन्यात शेमसची गोरी छाती कच्च्या मांसासारखी लाल.

अंडरटेकरवर वेळ घालवायचा नाही. त्याचं खरं नाव मार्क कॅलवे, तो जिवंत आहे, नोव्हेंबर २०२० मध्ये रीतसर निरोप घेऊन निवृत्त झालाय. १९९४ मध्ये कथेत त्याला शवपेटीत घालून 'मारलं' आणि समरस्लॅमला ब्रायन ली नावाच्या पैलवानाला नकली अंडरटेकर करून आणलं, त्यातून ही अफवा उगवली. त्याचा 'भाऊ' केन म्हणजे ग्लेन जेकब्स, २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा मेयर म्हणून निवडून आला.

राहिला सीना. इथं मला राग कमी आणि वाईट जास्त वाटतं, कारण १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये गुंथरच्या स्लीपरमध्ये, म्हणजे गळ्याभोवतीच्या पकडीत, अडकून त्यानं हार मानल्याची खूण म्हणून हात आपटला, म्हणजे टॅप केलं, तेव्हा माझेही डोळे भरले होते. 'कधीच हार मानू नका' हे ज्याचं ब्रीद, वीस वर्षांहून जास्त काळ ज्यानं टॅप केलं नाही, त्यानं शेवटच्या सामन्यात टॅप केलं. कंपनीच्या कथा ठरवणारा ट्रिपल एच बाहेर आला तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तो राग मला कळतो.

पण हाकललं कसं? निवृत्तीची घोषणा सीनानं स्वतः जुलै २०२४ मध्ये टोरंटोत केली होती, दीड वर्ष आधी. त्यानंतर २०२५ मध्ये रेसलमेनिया ४१ या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोमध्ये त्याला सतरावा जागतिक किताब मिळाला, रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडला. हयातभर न मिळालेला इंटरकॉन्टिनेंटल किताब नोव्हेंबरमध्ये बोस्टनला, त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर मिळाला. अपमान करायचा असता तर एवढं कशाला दिलं असतं? चुका झाल्या त्या वेगळ्याच. मार्चमध्ये त्याला हील, म्हणजे खलनायक, केलं आणि मग पुढं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. सतराव्या किताबाचा सामना तर त्याच्या मोठ्या सामन्यांतला सर्वांत निस्तेज. त्याउलट ऑगस्टमधला कोडीविरुद्धचा आणि पर्थमधला एजे स्टाइल्सविरुद्धचा, हे दोन मी पुन्हा पुन्हा बघेन.

जाणाऱ्यानं राहणाऱ्याला मोठं करून जायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. गुंथरनं जुलैमध्ये गोल्डबर्गलाही असाच निरोप दिला होता. आणि टॅप करण्याआधीचा सीनाचा चेहरा नीट बघा. तो हसला. दात आवळून सुटायची धडपड थांबवली, हसला आणि मग हात आपटला. त्याच्या मनात अपमान असता तर तो चेहरा असा दिसला नसता. मला शेवट वेगळा हवा होता, पण तो त्यानं मनापासून केला, एवढं मला दिसतं.

ताईला हे सगळं सांगितलं. तिनं मेसेज काढून टाकला आणि ज्यांना पुढे पाठवला होता त्यांनाही कळवलं. मोठ्या भाच्याला मी बिग ईचा व्हिडिओ दाखवला, हवेत अर्धवट फिरलेला, मग स्ट्रेचरवरचा वर केलेला अंगठा. बराच वेळ तो गप्प होता. मग विचारलं, "मामा, हा आता काय करतो?"

"मोठ्या शोच्या आधी टेबलामागे बसून सामन्यांवर बोलतो."

"आणि रिंगमध्ये?"

त्या मार्चनंतर एकही सामना नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं धाकट्याकडे बघितलं आणि पलंगावरची उशी उचलून कपाटात ठेवली.