जनुक सापडलं म्हणजे आजार झाला, हे कुणी सांगितलं?

“डीक्यू२ किंवा डीक्यू८ जनुक निघालं की सिलिअॅक होणारच. आजच गहू सोडा. घरात कुणाला नसेल तर निर्धास्त राहा. बाळाला वर्षभर गहू देऊ नका, आजार टळेल. जनुक-चाचणी दरवर्षी करा.” हा मेसेज कधीचा फिरतोय, मी दुर्लक्ष करत होते. (सिलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराला इजा करतं, तो आजार.) पण भाचीचं पोट सारखं दुखतं म्हणून तपासण्या झाल्या, त्यात ‘डीक्यू२ पॉझिटिव्ह’ आलं आणि धाकट्या बहिणीने हाच मेसेज मला पाठवला. खाली एक ओळ: “ताई, उद्यापासून हिचा गहू बंद.”

‘होणारच’ हे धादांत खोटं. ही जनुकं साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात. आजार होतो १ टक्क्याच्या आसपास लोकांना. बाकीचे जन्मभर गहू खातात आणि त्यांना काही होत नाही.

खरा घात ‘आजच गहू सोडा’ यात आहे. निदानाची पहिली पायरी म्हणजे टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी. या आजारात शरीर ग्लूटेनमुळे रक्तात जी अँटिबॉडी (प्रतिपिंडं) तयार करतं, ती ही चाचणी शोधते, आणि पोटात ग्लूटेन जात असेल तरच त्या अँटिबॉडी टिकतात. गहू, बार्ली, राय (गव्हासारखंच ग्लूटेन असलेलं धान्य) बंद केलं की त्या हळूहळू उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. मग रक्त नॉर्मल, बायोप्सीही (आतड्याच्या तुकड्याची तपासणी) नॉर्मल, आणि आजार असला तरी कागदावर नाही! पुढे डॉक्टर म्हणणार, काही आठवडे पुन्हा गहू खाऊ घाला, मग बघू. त्या पोरीला कशाला हा दुहेरी त्रास? आधी रक्त तपासा, तोवर ताट आहे तसंच राहू द्या.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते, या जनुकांचा आजाराशी संबंध पक्का आहे. दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळपास नसतोच. म्हणजे ही चाचणी आजार नाकारायला कामाची, सिद्ध करायला नाही. मेसेजवाल्याने नेमकं उलटं केलं.

‘घरात नाही म्हणजे तुम्हालाही नाही’ हेही चूक. आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला असेल तर धोका वाढतो, एवढंच. कित्येक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

बाळांचं म्हणाल तर २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इटलीतला अभ्यास आला. जवळच्या नात्यात सिलिअॅक असलेल्या बाळांपैकी काहींना सहाव्या महिन्यापासून ग्लूटेन दिलं, काहींना वर्षानंतर. उशिरा दिलेल्यांत आजार थोडा लांबला. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही गट सारखेच.

आणि दरवर्षी जनुक-चाचणी? जनुकं काय दरवर्षी बदलतात? एकदा केली, संपलं. पुन्हा करायची ती अँटिबॉडीची, तीही जवळच्या नातलगाला आजार असेल किंवा लक्षणं असतील तर, डॉक्टर सांगतील तेव्हा.